सौंदर्य वाटेवरच आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, रोजच्या जगण्यातल्या लहानसहान सौंदर्याविषयीचा लेख आवडला; मात्र ते अनुभवण्यासाठी सुट्टी काढून दूर डोंगरदऱ्यांत जावे, हा त्यातील सल्ला पटला नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही जैन मंदिराची वास्तू १२०४ सालची आहे आणि तिच्या मंडपाच्या छतातून खाली उमललेले ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ पाहायला मान वर करण्यापलीकडे काही लागत नाही, तरी या शहरात जन्म काढलेल्या कित्येकांनी ते पाहिलेले नसते. मीही चाळिशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बासमती भात निसवू लागले की कामावर जाताना दोन मिनिटे तरी थांबावे. पहाटेच्या दवात तो सुवास रस्त्यापर्यंत येतो, आणि ते दिवस मोजकेच असतात.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव