खुले पत्र : आधी तपास, मग दुरुस्ती

मा. गृहनिर्माण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

बांधकामातील दोषांवरून रहिवासी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यात होणारे वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात, त्याचे एक कारण तांत्रिक तपासाच्या पद्धतीत आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर असून अशा वादांत कधी या बाजूने, तर कधी त्या बाजूने अहवाल दिले आहेत; तेव्हा पुढील तक्रारीत माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

एकाच बिमवर दोन अहवाल येतात आणि दोन्हींचे निष्कर्ष परस्परविरोधी असतात. त्यासाठी कोणी खोटे बोलावे लागतेच असे नाही. एकाने रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कडकपणा मोजलेला असतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे (हवेतील कार्बन डायऑक्साइडशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे) कडक झाल्याने आकडे चांगले येतात. दुसऱ्याने नेमक्या वाईट जागेचा कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला दंडगोलाकार नमुना, काढलेला असतो. कुठे तपासायचे हे शुल्क देणारा ठरवतो, ग्यानबाची मेख तिथेच आहे.

वास्तविक काँक्रीट बरेच काही सांगते. सळईच्या रेषेत धावणारी भेग बहुधा गंजाची असते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन फवारले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. ही रंगहीन सीमा सळईपर्यंत पोहोचली असेल, तर काँक्रीटमुळे सळईला मिळणारे गंजापासूनचे संरक्षण संपलेले असते आणि पुढचा प्रश्न निर्णायक ठरतो : सळईवरचे आच्छादन, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, आराखड्याप्रमाणे आहे का? कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २५ मिमीच्या जागी १२ मिमीच आच्छादन सोडले असेल, तर सळईचे संरक्षण सुमारे एक-चतुर्थांश काळातच संपते. हा दोष देखभालीच्या माथी मारता येत नाही. मात्र काँक्रीटमध्ये क्लोराइड (मिठासारखे क्षार) असल्यास गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजू शकते, म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये.

हा पुरावा एका दुपारीत नष्ट होतो. गळतीला कंटाळलेले रहिवासी किंवा घाईतला व्यावसायिक सैल काँक्रीट काढून पॉलिमर मॉर्टर भरतो, आणि मग फोटोंवरून भांडत बसावे लागते. धोका असेल तिथे टेकू तातडीने द्यावेत, पण दुरुस्तीआधी उभय पक्षांसमक्ष पंचनामा, मोजमापे आणि सीलबंद नमुने सक्तीचे असावेत.

तज्ज्ञाची नेमणूक वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाने करावी आणि दोन्ही पक्षांनी शुल्क तिथेच जमा करावे. इंग्लंडच्या १९९८च्या दिवाणी प्रक्रिया नियमांनुसार तज्ज्ञाचे न्यायालयाप्रति असलेले कर्तव्य त्याला पैसे देणाऱ्याच्या हितापेक्षा वरचढ मानले जाते, आणि न्यायालय दोन्ही बाजूंसाठी एकच तज्ज्ञ नेमण्याचा आदेश देऊ शकते. दोन तज्ज्ञ असलेच, तर त्यांनी एकत्र बसून कोणत्या मुद्द्यांवर एकमत आहे आणि कशावर, का मतभेद आहे, हे लिहून द्यावे. असे केले की वादाचा बराच पसारा सुनावणीआधीच आवरतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी मुदतीविषयी. पाया असमान खचल्याची शंका असल्यास भेग वाढते आहे की थांबली आहे, हे कळण्यासाठी तिच्यावर मापक बसवून काही महिने नोंदी घ्याव्या लागतात. अहवालाची कालमर्यादा ठरवताना अशा प्रकरणांपुरती सवड नियमातच ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर