पोर्ट लुई म्हणजे नुसता पत्ता नव्हे

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत मॉरिशसवर पानभर मजकूर आला. निळे पाणी, पांढरी वाळू, शामारेलची सात रंगांची माती, सगळे आले. राजधानी पोर्ट लुईची बोळवण मात्र एका ओळीत: खरेदीला अर्धा दिवस पुरे. अर्थविषयक पानांवर हे शहर येते ते 'मॉरिशसमार्गे' एवढ्या एका शब्दात, तेही नाक मुरडून. खरे शहर या दोन पानांच्या मधे कुठेतरी राहून जाते, म्हणून हे पत्र.

मी फोर्टातल्या एका दलाली पेढीत हिशेब पाहत असे. १९९२ मध्ये परदेशी संस्थांना आपला शेअर बाजार खुला झाला आणि पुढची वीसेक वर्षे माझ्या टेबलावरच्या कागदांवर 'पोर्ट लुई' इतक्या वेळा आले की पत्ता पाठच झाला. एकाच इमारतीचा एकच मजला आणि त्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी भारतात पैसा आणण्यासाठी नोंदवलेल्या डझनावारी कंपन्या! आम्ही गमतीने त्याला 'आपली शाखा' म्हणायचो. गोम साधी होती. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर पडू नये म्हणून १९८२ मध्ये झालेल्या भारत-मॉरिशस करारानुसार तिथल्या रहिवासी कंपनीने भारतातले शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशसमध्ये असा करच नाही. म्हणजे कुठेच नाही. तिथल्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला जोडला की काम झाले. या सवलतीला आव्हान देणाऱ्या आझादी बचाओ आंदोलन या संघटनेच्या खटल्यात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कायद्यात बसते असे ठरवले. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरचा नफा भारतात करपात्र झाला. तेव्हा त्या बेटाला 'पळवाट' म्हणून शिव्या घालताना, इतकी वर्षे दार आपणच उघडे ठेवले होते, हेही छापावे. उसावर जगणाऱ्या, १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या चिमुकल्या देशाने पोटापाण्याची आणखी एक सोय पाहिली. माझा पगारही काही अंशी त्याच पत्त्यावरून येत होता, ते नाकारून कसे चालेल?

निवृत्तीनंतर आम्ही उभयता तिथे गेलो. सहल कंपनीने (नाव घेत नाही) शहरासाठी दिली पन्नास मिनिटे, तीही कोदाँ वॉटरफ्रंटवर. १९९६ मध्ये बंदरालगतच्या जुन्या जागेत उभा राहिलेला हा भाग म्हणजे दुकाने, कॅसिनो, खाणेपिणे. तिथल्या ब्लू पेनी संग्रहालयात मॉरिशसची पहिली, १८४७ ची जगप्रसिद्ध दोन टपाल तिकिटे आहेत. मॉरिशसच्याच बँक-कंपन्यांनी मिळून १९९३ मध्ये ती लिलावातून मायदेशी आणली. अस्सल तिकिटांवर थोडाच वेळ दिवा लावतात, एरवी नक्कल बघायची. कागदी कंपन्यांच्या शहराला हे शोभते, असा एक चावट विचार मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गट सोडून बसने पुन्हा आलो. सकाळी नऊला बँकांच्या गल्ल्यांत गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्यांची लगबग, बाजाराबाहेर धोल पुरीसाठी रांग (ही बिहारच्या डाळपुरीची नातलग, पण पुरणपोळीवर वाढलेल्या माणसालाही आवडते). पाच वाजले आणि तासाभरात रस्ते ओस. मला थेट फोर्टची आठवण झाली. फरक इतकाच की इथली माणसे वर पठारावर जातात: रोझ हिल, कात्र बोर्न, क्युरपिप. ही सवय जुनी आहे. १८६७ च्या सुमारास हिवतापाच्या साथीने पोर्ट लुईत हजारो माणसे गेली आणि ज्यांना परवडले ते थंड हवेच्या गावांकडे सरकले. पैसा खाली, घर वर. २०१९ मध्ये उद्घाटन झालेली मेट्रो, जी आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली, तीही याच वाटेने धावते.

खालच्या शहराला डोंगर आणि समुद्र यांच्यात श्वास घ्यायला जागा नाही. ३० मार्च २०१३ ला पावसाचे पाणी डोंगरावरून कोसळले आणि ११ माणसे दगावली. त्यातली काही कोदाँकडे जाणाऱ्या भुयारी मार्गात अडकली होती. २६ जुलै पाहिलेल्या मुंबईकराला त्या मार्गातून चालताना नकळत पाऊल उचलावेसे वाटते.

आणि आता मूळ मुद्दा. कोदाँपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आप्रवासी घाट आहे. पूर्वी याला कुली घाट म्हणत. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेल्या जवळपास पाच लाख मजुरांतले बहुतेक १८४९ पासून या डेपोतून आत गेले. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. जागा उरली आहे जेमतेम १,६४० चौरस मीटर, बाकीची महामार्गात आणि शहराच्या वाढीत गेली. दगडी पायऱ्या, न्हाणीघरे, स्वयंपाकघर. मजुरांत बिहार-पूर्वांचलची माणसे सर्वाधिक, पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या आणि त्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसे होती. त्यांचे वंशज तिथे आजही जाखडी नाचतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत: नाव, वय, जात, बोट, गाव. आपल्या तालुक्यातून कोण गेले, याचा शोध घ्यावा असे कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाला वाटले तर सुरुवात तिथून करता येईल.

मुंबई-पुण्याहून मॉरिशसला माणसे नेणाऱ्यांनी कॅसिनोची पन्नास मिनिटे घाटाला द्यावीत, एवढी विनंती आपल्या पुरवणीतून व्हावी. आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी कामकाजाच्या दिवशी सकाळीच जावे. रविवारी त्या शहरात चहासुद्धा शोधावा लागतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, डोंबिवली