छाटू की थांबू?

मोंझे, झांबिया
20 ऑक्टोबर 2024

सुमे,

चिन्याच्या निकालालाही मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्यावरून तू काय काय बोलली असशील ते इथपर्यंत ऐकू येतंय. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. मलेरिया येऊन गेला, गुडघा आहे तसाच.

काम पडलं म्हणून लिहितेय, खोटं कशाला बोलू? व्हॅलेन्सिया मोसंबीचा जुना बगीचा छाटायचा की पावसाची वाट पाहायची, हे माझं ठरत नाहीये. इथे कोणाला सांगायला जावं तर म्हणतात, 'सिस्टर, प्रार्थना करू.' प्रार्थना मी करतेच बापा, तो तर माझा धंदाच आहे. पण आळ्यात पाणी कुठून आणू?

गेल्या हंगामात ऐन कणीस भरायच्या वेळी पाऊस पळाला. मका उभा वाळला, 29 फेब्रुवारीला सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पुढचं सगळं त्याच माळेतलं. करिबा धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून बोअरला पाणी असून आमच्या हाती नाही. रात्री एकच्या सुमाराला वीज येते, तेवढ्यात जे उपसलं ते आपलं. त्यातून आधी दवाखाना, मग मुलींचं वसतिगृह. पहाटे नळावर गावातल्या बायकांची डब्यांची रांग असते, त्यांना नाही म्हणवत नाही. उरलं तर झाडांना. उरत नाही.

दुपारी पानं गुंडाळायची आणि सकाळी सुटायची, तोवर मला धीर होता. सोमवारपासून सकाळीही सुटेनात. परवा नखाने साल खरवडून पाहिली, आत अजून हिरवी आहे. फळं वाटाण्याएवढी धरलीत, तीही गळतायत. कलमाचा खुंट जंबेरी लिंबाचा, मूळ खोल जातं, म्हणून तर इथवर तगलीत.

आपल्याला शिकवलं होतं ते मला पाठ आहे: फळं उतरवा, सांगाडा ठेवून छाटा, खोडाला चुना लावा, आळ्यात गवत पसरा. पानच नसलं तर पाणी उडणार कुठून? झाड जगेल. पण पुढची दोन-तीन वर्षं फळाच्या नावाने शून्य, आणि वसतिगृहाचा किराणा या बगीच्यावर चालतो. बरं, छाटलं आणि नोव्हेंबरच्या मध्याला नेमाने पाऊस आला तर? मग मला तोंड दाखवायला जागा नाही. शेजारी चिकुनीला 1905 साली फादर मोरो आले आणि त्यांनी लोकांना बैल-नांगर शिकवला. तेव्हापासून मिशन म्हणजे शेतीचं सगळं कळणारी जागा, असा इथे समज आहे. सिस्टरलाच सुधरत नाही म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

आमचे मुकादम छाटणीच्या पक्के विरोधात. ही कलमं त्यांनी आणि म्हाताऱ्या ब्रदरांनी बांधलेली. मुकादमांचं मूळ गाव खाली झांबेझीच्या खोऱ्यात. करिबासाठी टोंगा लोकांना उठवलं, नदीच्या दोन्ही काठांची मिळून 57 हजारांच्या आसपास माणसं. तेव्हा हे आईच्या पाठीवर होते. ज्या विजेसाठी गाव बुडालं ती त्यांच्या घरी अजून पोचलेली नाही. मी विजेच्या नावाने बोटं मोडते तेव्हा म्हणतात, 'आमच्याकडे बरं आहे सिस्टर, गेल्याचं कळतच नाही.' असल्या माणसाशी भांडायचं कसं? रोज संध्याकाळी आपल्या आंघोळीचं पाणी डब्यात आणून पहिल्या ओळीला घालतात. मी पाहते आणि बोलत नाही.

सुमे, मला तुझ्या बाबांचं विचारायचंय. समोर असते तर जीभ रेटली नसती. त्या उन्हाळ्यात त्यांनी आंबिया बहाराची फळं झाडावर ठेवली होती ना? मृग येईलच म्हणून? टँकर कधी बंद केला? कुऱ्हाड लावली तेव्हा खोडं आतून ओली निघाली, हे तू होस्टेलच्या गच्चीवर एकदाच बोलली होतीस. मी काही विचारलं नव्हतं. आता विचारते. आधी छाटलं असतं तर वाचली असती का? त्यांना काय वाटतं?

'डिग्री देवाच्या काय कामाची' म्हणून तू माझ्याशी कितीतरी वर्षं बोलली नव्हतीस. बघ, आली कामाला, पण निम्मीच. कलमाचे डोळे भरायच्या प्रॅक्टिकलला तुझे सगळे फुटले आणि माझे सुकले, ते पट्टी खराब होती म्हणून. यावर मी आजही ठाम आहे.

यंदा बोरं मात्र मिळतात. झांबेझीकडून वाळलेली येतात, मसाऊ म्हणतात, आपलीच गावठी बोरं. तिखट-मीठ लावून मल्याळी सिस्टरला दिली, तर तिने त्याचं लोणचं घालून टाकलं.

बदली झाली म्हणे तुझी? मोर्शी की पुन्हा वरूड? सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? चिन्याला शाबासकी दे, वेगळं लिहीन त्याला.

पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतेय, तेव्हा पोस्टाचं निमित्त सांगू नको. रात्री एकला मी पंपाशी असते, तुमच्याकडे साडेचार वाजलेले असतात आणि तू उठलेलीच असतेस. तेव्हा फोन कर. बाबा जागे असतील तर त्यांनाच दे. शुक्रवारी छाटणीची माणसं सांगितलीत, म्हणजे गुरुवारपर्यंत कळव. आणि 'तुला योग्य वाटेल ते कर' असं अजिबात म्हणू नको, ते आमच्या मदर रोजच म्हणतात.

तुझी,
मंदा