खोक्यांची सोय झाली, आता माणसांचं बघा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेदनाशमन कक्ष होईल, तिथे आठवड्यातून दोन दिवस ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून उपचार, मिळेल, असा शब्द दिला होता. नारळ फुटला, फलक लागला. परवा पाहिलं तर त्या खोलीत सलाइनची खोकी रचलेली. खोक्यांनाच जास्त दुखत असावं.

ॲक्युपंक्चरचा कायदा आपल्याच राज्याचा, 2015 चा. परिषद झाली, नोंदणी झाली, 2019 मध्ये केंद्राचीही मान्यता आली. प्रमाणपत्रं भिंतीवर झकास दिसतात. बसायला खुर्ची तेवढी नाही.

सुईने गाठ विरघळत नाही, हे आधीच सांगतो. तसा दावा करणाऱ्यावर खुशाल गुन्हा दाखल करा. मागणी दुखण्यापुरती आहे. स्तनाच्या कॅन्सरनंतर तो उलटू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी घेणाऱ्या बाईची बोटं त्या गोळीपायी सकाळी आखडतात, कळण्याची भाकरी थापायला हात वळत नाही. मग पाच वर्षं घ्यायची गोळी ती कुणाला न सांगता सोडते. अशाच 226 बायकांवरची अमेरिकेतली चाचणी 2018 साली छापून आली. सहा आठवड्यांत 12 वेळा सुया दिल्यावर दहापैकी वेदनेचा आकडा साधारण दोनने उतरला, नकली सुयांनी एकने. चमत्कार नाही, पण गोळी चालू ठेवायला हातभार लागतो.

लागतं तरी काय? एक खाट, पडदा, सुया टाकायचा जाड डबा. पाव मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई पाच रुपयांच्या आत येते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट, तिथे सुई गेली की रुग्ण म्हणतो, 'जड वाटतं'. मग वीस-तीस मिनिटं स्वस्थ. पण त्याआधी ताजा रक्त रिपोर्ट बघावाच लागतो. प्लेटलेट 50,000 च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर थांबायचं. सूज आलेल्या हातात, गाठीत, किरणांनी भाजलेल्या कातडीत सुई नाही. खंगलेल्या माणसाच्या छातीवर तर फारच उथळ, नाहीतर फुप्फुसाला भोक पडतं. हे न शिकलेले लोक बाजारात सुया टोचत बसलेत, कारण तुमची खोली बंद आहे.

कोर्स मोडतो तो एसटीपायी. धडगावहून नंदुरबार ऐंशी किलोमीटर धरा, मोजायला कोण बसलंय? बारा फेऱ्या म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या फेरीनंतर बाई येत नाही आणि कागदावर शेरा पडतो, 'रुग्णाचे असहकार्य'. वा!

आणि सुई मॉर्फिनची जागा घेत नाही. हाडात पसरलेल्या कॅन्सरला दर चार तासांनी गोळी लागते, सोबत जुलाबाचं औषध, नाहीतर बद्धकोष्ठानेच माणूस रडतो. त्यासाठी अमली पदार्थांचा कायदा 2014 मध्ये सैल केला, तरी इथे चिठ्ठी घेऊन लोक मुंबईची गाडी धरतात. गुटखाबंदी मात्र 2012 पासून आहे, आणि पुडी कुठल्याही टपरीवर मिळते! जबडा सडवायची सोय गल्लीत, ठणका थांबवायची परळला. याला आरोग्य व्यवस्था म्हणायचं असेल तर म्हणा.

नवा फलक नको, समिती तर मुळीच नको. खोकी हलवा, नोंदणीकृत चिकित्सक नेमा, मॉर्फिनचा साठा ठेवा आणि फक्त वार कळवा: सोमवार-गुरुवार की मंगळवार-शुक्रवार?

आपला,
एक नोंदणीकृत ॲक्युपंक्चर चिकित्सक, खान्देश