विसर्जनाआधी चौपाट्यांवर ‘ब्लू बॉटल’चे फलक लावा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

पावसाळी वारा किनाऱ्याकडे वाहू लागला की जुहू, अक्सा, गिरगावच्या वाळूत ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव दिसू लागतात. बोटभर लांबीचा पारदर्शक निळसर फुगा आणि त्याखाली गर्द निळा, गुंतलेला दोरा. मुलांना ते खेळणं वाटतं, ती सरळ हातात घेतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत दीडशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आपण सगळे याला जेलीफिश म्हणतो, पण ही जीवांची एक अख्खी वसाहत असते. कुणी डंख मारायचा, कुणी भक्ष्य पचवायचं, कुणी प्रजनन करायचं, अशी कामं वाटलेली. सुटा होऊन कुणीच जगत नाही. पोहता येत नसल्यामुळे वारा ढकलेल तिकडे ही वसाहत जाते आणि आपल्या किनाऱ्याला लागते. मेल्यावरही तिच्या दोऱ्यातल्या डंखपेशी कितीतरी दिवस शाबूत राहतात. म्हणून वाळूत निपचित पडलेली ब्लू बॉटलही धोक्याचीच.

दंश झाल्यावर लोक वाळू चोळतात, लिंबू चोळतात. चोळल्यामुळे उरलेल्या पेशीही फुटतात आणि आग वाढते. खरं तर दोरा चिमट्याने काढायचा, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची आणि मग सोसवेल इतक्या, फार तर ४५ अंश सेल्सियस गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायची. श्वास लागला किंवा छातीत दुखू लागलं तर थेट रुग्णालय.

एवढा मजकूर मराठीत, हिंदीत आणि चित्रांसह प्रत्येक चौपाटीच्या प्रवेशावर असावा. जीवरक्षकांकडे चिमटा आणि गरम पाण्याची सोय असावी. मला सर्वांत जास्त काळजी सफाई कामगारांची वाटते. पहाटे ते जो कचरा उचलतात, त्यात प्लास्टिक, नारळ आणि निर्माल्यात हे दोरे अडकलेले असतात. त्यांना जाड हातमोजे आणि गमबूट मिळालेच पाहिजेत.

ब्लू बॉटलचा बंदोबस्त करा, असं मी म्हणत नाही. समुद्र तिचाच आहे. पण गणपती साधारण याच दिवसांत येतात. मूर्ती घेऊन माणसं अनवाणी, गुडघाभर पाण्यात उतरतात, अनेकदा अंधारात. निदान दीड दिवसाच्या विसर्जनाआधी फलक लागावेत आणि ब्लू बॉटल आल्या असतील त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून तशी सूचना द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
जुहूच्या किनाऱ्यावर नेहमी फिरणारा एक मुंबईकर