मंदेस, नानांच्या ऑपरेशनाआधी

प्रिय मंदे,

सुमीताईचा फोन आला होता. नानांचं बायपास गुरुवारी ठरलंय, तू रात्र रात्र जागतेस, निर्जळी उपास धरलास आणि अनवाणी पंढरपूरला जायचा नवसही बोललीस, सगळं कळलं. म्हणून हे लांबलचक. मी बरी आहे, गुडघा दुखतो, ते सोड.

आधी उपास सोड. तुला बीपीची गोळी चालू आहे आणि दवाखान्याचे जिने तुलाच चढायचेत. नवसाचंही तेच. बोललीस की मन हिशेबाला बसतं: एवढं पुरलं का, काही चुकलं तर? भीतीला आणखी एक खाद्य. नाना बरे झाले की वारीला जाऊ, पण चपला घालून.

‘श्रद्धाच बसत नाही, मग नुसतं नाम घेऊन काय होणार?’ असं ताईला म्हणालीस म्हणे. निर्मलाच्या लग्नात याच मुद्द्यावर तू माझ्याशी पंगत उठेपर्यंत भांडली होतीस, आणि जिलेबी मात्र माझ्याच पानातली खाल्लीस! तेव्हाही तुला तुकोबांचंच सांगत होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली. पुढे काय केलं ते त्यांनीच एका अभंगात क्रमाने सांगितलंय. भंगलेलं देऊळ मनात आलं तसं दुरुस्त केलं. एकादशीला कीर्तन करू लागले, आणि तेव्हा आपलं चित्त अभ्यासात नव्हतं, हेही स्वच्छ सांगून टाकलं. संतांची वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरलं. बघ, आधी हात कामाला लागले, मन मागून आलं. तू मात्र मन तयार होईपर्यंत दारातच थांबलीयेस. भीती राहू दे ना घरात, तिच्यासकट बस.

रात्री तीनला जाग आली की अंथरुणात पडून नाम घेऊ नकोस, तिथे काळजीच जिंकते. उठ, दिवा लाव, दोन घोट पाणी पी, पाय जमिनीला टेकवून बस. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घे, अंगठ्याने मणी ओढ, तर्जनी लावू नकोस. ‘राम कृष्ण हरि’ आपल्या कानाला जेमतेम ऐकू येईल असं म्हण. मनातल्या मनात म्हटलंस तर शेजारी ऑपरेशन थिएटर उभं राहतं. एका मण्याला तीनेक सेकंद लागले, तर १०८ मण्यांना साडेपाच मिनिटं. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. मध्येच मन भरकटलं तर पहिल्यापासून सुरू करू नकोस, हातातला मणी पुढे ओढ. इथेच बहुतेकजण चुकतात: आपलं लक्ष लागत नाही म्हणून माळच ठेवून देतात. आणि जप चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत हवा, नाहीतर रिपोर्टमधले शब्द शोधत पहाट होते.

दिवसा देवावर सोडायचं म्हणजे काय, तर आपल्या हातातलं उरकून मग सोडायचं. एका कागदावर लिही: रक्त पातळ करायची गोळी कधी बंद करायची, रक्तदाते किती लागतील, आयसीयूबाहेर कोण थांबणार. ऑपरेशन सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. डॉक्टरांच्या उत्तरांवर खुणा कर. उरेल त्याला तुझा इलाज नाही, तेवढंच विठोबापुढे ठेव.

तरीही छाती धडधडत राहिली, जेवण जाईनासं झालं, तर १४४१६ लाव. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. देवावर भरवसा आणि डॉक्टरची गोळी यांत भांडण नाही गं.

पिंकीचा निकाल कळव. शरदरावांची बदली थांबली का? नवं घर रंगवलंस म्हणे, फोटो पाठव.

बुधवारी रात्री नऊला फोन लावते. हरिपाठाचे २७ अभंग, अर्धा तास. मी पुढे म्हणेन, तू नुसतं ध्रुपद धर. आवाज फुटला नाही तरी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
कुसुम