गंगीच्या जबड्याची गाठ

परळ, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या गंगी गाईच्या जबड्याच्या गाठीचे फोटो पाहिले. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवते. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. कोणी गाठ चिरून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बाबा, गाठ अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखी घट्ट, हाडाला धरून, दाढांच्या रेषेत असेल तर हा 'लंपी जॉ', म्हणजे जबड्याच्या हाडाचा रोग. जबड्याखाली मऊ सूज असून दाबल्यावर खड्डा पडत असेल तर ते पाणी उतरलंय; ते बहुधा जंतांमुळे, त्याचं औषध वेगळं.

लंपी जॉचा जंतू, अ‍ॅक्टिनोमायसिस बोव्हिस, गुरांच्या तोंडात एरवीही असतो. कुसळ, काटा किंवा तारेचा तुकडा हिरडीत रुतला, की हा जंतू हाडात उतरतो. हाड आतून पोखरतं, बाहेरून फुगतं. पुढे दाढा हलतात, जनावर चघळताना वैरण टाकतं. गाठ फुटली तर मधासारखा चिकट पू येतो आणि त्यात रव्याएवढे पिवळट कण असतात. हातात प्लास्टिकची पिशवी घालून थोडा पू स्वच्छ बाटलीत घ्या आणि डॉक्टरांना द्या. काचपट्टीवर ते कण चिरडून पाहिले की निदान पक्कं होतं.

औषध म्हणजे सोडियम आयोडाइड, शिरेतून, किलोमागे 70 मिलिग्रॅम. वजनाचा अंदाज सुतळीने घ्या: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत), सगळं इंचात, भागिले 660. घेर 66 आणि लांबी 56 भरली तर साधारण 370 किलो. म्हणजे सुमारे 26 ग्रॅम, 10 टक्के द्रावणाचे 260 मिली. ते सावकाशच जायला हवं. शिरेबाहेर गेलं तर मान सुजते. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा. सोबत पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील. घरातलं टिंक्चर आयोडीन हे औषध नव्हे, ते कुणाला टोचू देऊ नका.

आई, तुझं लक्ष डोळ्यांवर आणि कातडीवर. डोळ्यांतून पाणी, खोकला, अंगावर कोंडा, खाणं कमी: यातलं काही दिसलं की आयोडीन जास्त झालं, पुढचा डोस थांबवायचा. गंगी गाभण असेल तर ते आधीच सांगा, गाभ जायची भीती असते. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही तेही तेव्हाच विचारा. उकळून आयोडीन जात नाही.

कडबा कुट्टी करून, पाण्यात भिजवून घाला. पू गव्हाणीत सांडू देऊ नका, गंगीची गव्हाण वेगळी ठेवा.

एक आधीच सांगते: गाठ सपाट होणार नाही. हाड वाढायचं थांबलं आणि गंगी नीट रवंथ करू लागली, तर औषध लागू पडलं म्हणायचं. मात्र दाढा हलायला लागल्या असतील तर मला लगेच कळवा, मग हिशोब वेगळा.

तुमची,
माई